सुंदराची नवी ओळ

मोहरीचे सात दाणे ढोलकीच्या कातडी पुडीच्या मधोमध होते. लोटूने काठावर टिचकी मारली. दाणे अर्ध्या बोटाइतके उडाले आणि पडताना पाच खिडकीच्या बाजूला गेले, दोन जागेवरच राहिले. त्याने खिडकीकडच्या दोरीतली कडी अंगठ्याने रेटून जराशी सरकवली, दाणे पुन्हा मधे आणले आणि पुन्हा टिचकी मारली. चौथ्या खेपेला दाणे सगळीकडे सारखे पांगले. ढोलकी लागली.

ढोलकी कानाने लावायची असते. लोटूही पूर्वी कानानेच लावायचा. मोहरीची युक्ती त्याने गेल्या तीन-चार वर्षांत शोधून काढली होती आणि ती करताना तो खोलीचं दार लोटून घ्यायचा. झाल्यावर दाणे मोजून पुन्हा डब्यात टाकायचा. फोडणीची मोहरी कोण मोजतं? पण त्याला वाटायचं, एखादा दाणा ढोलकीवर राहिला तर बायकोला, सुंदराला कळेल.

सुंदराला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. ती बोलली नव्हती एवढंच.

माणसाला ऐकू येणं एकदम थांबत नाही. बारीक आवाज आधी जातात. लोटूचं आधी बांगड्यांचं वाजणं गेलं, मग कुकरची शिट्टी, मग बोलण्यातला स आणि श. माणसं मधूनमधून दात पडल्यासारखी बोलायला लागली. जाड आवाज राहिले. ट्रक राहिला, ढोलकीची डावी बाजू राहिली. ती तर कानापेक्षा पोटातच जास्त वाजते. एकतीस वर्षं त्याने सुरतेतल्या उधन्याच्या लूमखात्यात, यंत्रमागांवर काढली होती. तिथे एका छताखाली ऐंशी लूम चालतात आणि शेजारच्याने ओरडून सांगितलेलंही कळत नाही. म्हणून तिथला प्रत्येक कारीगर ओठ वाचतो. चहा आला, मालक आला, तुझा धागा तुटला, तुझ्या साडूची बदली झाली, सगळं ओठांवर आणि बोटांवर. चार ओळी पलीकडून कुणी ‘लोटू’ म्हटलं तर ती ल ची जीभ आणि टू चा गोल तोंडभर दिसायचा आणि तो वळायचा. लूमखात्यात कुणी बहिरा नसतो, कारण तिथे सगळेच असतात.

चार वर्षांपूर्वी तो कापडाच्या घड्या घालण्याच्या खात्यात आला. तिथे शांतता होती. त्या शांततेनेच घात केला.

मुलगी जयश्री बी.एस्सी. झालेली, पलसाण्याच्या एका मिलच्या लॅबमध्ये कापडाचा रंग नमुन्याशी जुळवायचं काम करत होती. दोन वर्षांपूर्वी ती त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने बंद खोलीत बसवून एकेक आवाज ऐकवला, कागदावर दोन उतरत्या रेघा काढल्या आणि दोन्ही कानांना मशीन लावा म्हणून सांगितलं. कागद कपाटात साड्यांच्या खाली गेला. लोटू म्हणाला, पाहू. दिवाळीनंतर पाहू. मग पुतण्याच्या लग्नानंतर. मग पुन्हा दिवाळीनंतर. जयश्रीने भांडून पाहिलं, लाडीगोडीने पाहिलं, एकदा तर आठ दिवस त्याच्याशी फक्त खुणांनी बोलून पाहिलं. त्यात त्याची काहीच अडचण झाली नाही.

लोक काय म्हणतील, हे कारण तो सांगायचा. ते अगदीच खोटं नव्हतं. त्याचा जुना जोडीदार निंबा याने मागच्या वर्षी मशीन लावलं, तर अख्खं खातं त्याला टावर म्हणायला लागलं. पण खरं कारण निंबाने पहिल्या आठवड्यात सांगितलेली गोष्ट होती. मशीनमधून सगळी माणसं तुपाच्या रिकाम्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी वाटतात, असं निंबा म्हणाला होता.

ते ऐकून लोटू घरी आला आणि त्याने सुंदराकडे पाहिलं. ती भाजी निवडत गुणगुणत होती. ओठ हलताना दिसले आणि गाणं त्याला ऐकू आलं, नेहमीसारखं, स्वच्छ. त्याला ठाऊक होतं की ते कानातून येत नाही. तिची सगळी गाणी त्याला पाठ होती. ओठ पाहिले की आतून आवाज लागायचा. अमळनेरजवळच्या तिच्या गावी, चुलत बहिणीच्या हळदीला तो आवाज त्याने पहिल्यांदा ऐकला होता आणि त्याच रात्री मामाला सांगितलं होतं की ही मुलगी विचारा. तो आवाज आता डब्यातून ऐकायचा? आहे तेच काय वाईट होतं?

तेव्हा पाहू.

आणि अशात हा उत्सव आला.

जानेवारीतल्या एका रविवारी सबंध शहरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाणं-वाजवणं, बागांत, तळ्यांकाठी, पुलांखाली, साठेक ठिकाणी. तिकीट नाही, पास नाही; गाणाऱ्याने नाव द्यायचं, ऐकणाऱ्याने यायचं. चौकाचौकात फलक लागले होते, गुजरातीत, ‘सुरतना सूर’. सुंदराबरोबर गाणाऱ्या इंदुबाईने अक्षर लावत तो वाचला आणि म्हणाली, हे तर आपल्याच अहिराणीत लिहिलंय, आपणही ‘सुरतना’च म्हणतो. जयश्रीने फोनवर फॉर्म भरून टाकला. सुंदराच्या गटात सहा बायका होत्या, सगळ्या खानदेशातून आलेल्या. श्रावणात कानबाई देवीची गाणी आणि लग्नसराईत हळदीची गाणी, यासाठी त्यांच्या डिंडोली वस्तीत त्यांना घरोघर बोलावणं असे. कानबाईची गाणी जानेवारीत म्हणायची नाहीत यावर सहाही जणींचं एकमत झालं. म्हणून फॉर्मवर लिहिलं: हळदीची गाणी, अहिराणी. ढोलकी: लोटू.

तालीम इंदुबाईच्या घरी झाली. बायका गोल बसायच्या आणि लोटू सुंदराच्या समोर. तो तिच्या ओठांवरून ठेका धरायचा, ओठांवरून सोडायचा. एकही मात्रा चुकली नाही. मंदाने तर म्हटलं की लोटूभाऊंचा हात दिवसेंदिवस गोड होत चाललाय. लोटूने ते तिच्या ओठांवर वाचलं आणि खूष झाला.

रविवारी चारला ते तळ्याकाठच्या बागेत पोहोचले. झाडांना उत्तरायणच्या पतंगांचे मांजे अजून लटकत होते. फाटकाशी पोंकवड्यांची, म्हणजे हुरड्याच्या वड्यांची गाडी होती आणि तिथे गाण्यापेक्षा जास्त गर्दी होती. आत चौथऱ्यावर ओडिया कारीगरांचं भजन चाललं होतं, चार मृदंग एकदम. लोटूच्या पोटात ते थेट पोहोचलं. तो आधाराला धरावं तसा कठड्याला हात लावून उभा राहिला आणि संपेपर्यंत हलला नाही. गर्दीत निंबा दिसला. तो बायकोसह पुढच्या रांगेत सतरंजीवर मांडी ठोकून बसला होता. दोन्ही कानांमागे दोन राखाडी शेंगा.

व्यवस्था पाहणारी योगिता नावाची तरुण मुलगी होती, गळ्यात मोठा हेडफोन आणि हातात कागद. मुलगी गोड, पण घाईत. तिने सहाही बायकांना लोकांकडे तोंड करून एका रांगेत बसवलं, प्रत्येकीपुढे माइक. ढोलकी मागे, डाव्या कोपऱ्यात. लोटूला दिसत होते सहा अंबाडे आणि एक गजरा.

त्या वेळी त्याने बोलायला हवं होतं. मला समोर बसू द्या, एवढंच. पण का, असं तिने विचारलं असतं, आणि मग लोकांसमोर, माइकसमोर ते सांगावं लागलं असतं. त्याने ढोलकी मांडीवर घेतली. खिशातून मोहरीचे दाणे काढून पुडीवर ठेवून पाहिले, पण तळ्यावरून वारा आला आणि सातही उडून गेले.

पहिलं गाणं सुरू झालेलं त्याला खांद्यांवरून कळलं. सुंदराचा उजवा खांदा श्वास घेताना वर जातो. त्याने ठेका धरला. खांदे हलत होते, डोकी डुलत होती, आतून गाणंही लागलं होतं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. तो चौथ्यात होता. तेवढ्यात सुंदराने वळून पाहिलं, मग इंदुबाईने, मग सगळ्यांनी. बायकांनी चौथं कडवं गाळलं होतं, कारण योगिताने वेळ कमी आहे म्हणून सांगितलं होतं, आणि ते सांगणं लोटूपर्यंत पोहोचलं नव्हतं. गाणं संपून गेलं होतं आणि तो एकटाच वाजवत होता, चांगला घोळून, डोळे अर्धे मिटून.

त्याने हात थांबवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, शेवटी ढोलकीचा तुकडा असतो. योगितानेही अंगठा वर करून दाखवला.

सुंदराने मात्र टाळ्या संपेपर्यंत थांबून माइक बाजूला सारला आणि उठली. तिने लोटूकडे पाहिलं नाही. योगिताकडे पाहून ती म्हणाली, “हळदले कोणी रांगमा बठस का, बेटा? हळद लावानी का फोटो काढाना?”

योगिताला शब्द कळले नसतील, पण सूर कळला. तिने सभा-संमेलनाचं काहीतरी गुजरातीत सांगून पाहिलं, लोकांकडे पाठ करू नये वगैरे. तोवर प्रमिलाबाईने आपली चटई गोल फिरवली होती. दोन मिनिटांत सहाही जणी रिंगण करून बसल्या, एकच माइक मधे, आणि रिंगणात सुंदराच्या बरोबर समोर एक जागा मोकळी. सुंदराने त्या जागेवर हाताने दोनदा थोपटलं. लोटू येऊन बसला. मागचे लोक म्हणाले, आम्हाला दिसत नाही. मग ते उठून चौथऱ्याभोवतीच येऊन बसले आणि सगळ्यांनाच दिसायला लागलं. पोरंसोरं तर बायकांच्या मांडीला मांडी लावून.

आता मजा आली. दुसरं गाणं, तिसरं, जात्यावरच्या हळकुंडांचं चौथं. सुंदराचे ओठ समोर होते आणि आतला आवाज अगदी अमळनेरचा. उन्हं तळ्यावर तिरपी झाली होती. लोटूला वाटलं, हे असंच चालावं.

पाचवं गाणं नावांचं होतं. हळदीला हे गाणं असतंच. दर ओळीत कुणाचं तरी नाव घालायचं आणि त्याची खोडी काढायची. व्याही खादाड, जावई आळशी, मामा मांजराला घाबरतो. ओळी ठरलेल्या, नावं बदलायची. इंदुबाईने योगिताचं नाव घातलं तेव्हा ती लाजून हेडफोनमध्ये लपली. मंदाने पोंकवडेवाल्याचं घातलं. मग सुंदराची पाळी आली.

तिने लोटूकडे पाहिलं. ओठ उघडले. पहिला शब्द त्याला दिसला: ल ची जीभ, टू चा गोल. त्याचं नाव.

बत्तीस वर्षांत सुंदराने त्याला नावाने हाक मारली नव्हती. ‘जयसरीना बाप’ किंवा नुसतंच ‘आयका का’. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. लोटूचा हात ठेक्यावर राहिला, पण डोळे तिच्या ओठांना चिकटले. पुढचे शब्द आले. ते ठरलेले नव्हते. ओठ मिटले, उघडले, एका ठिकाणी दात दिसले, एका ठिकाणी ती स्वतःच हसू दाबत होती, आणि त्याला एकही अक्षर लागलं नाही. आतून आवाज येईना. ही ओळ त्याला पाठच नव्हती, तर आतून येणार कुठून?

बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. लोक हसले, मागचे तर उभे राहून. मग सुंदराने ओळीचा दुसरा भाग म्हटला आणि हसणं जरा निवलं. पुढेच बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने मान हलवली. जयश्री फोन धरून उभी होती, तिने दुसऱ्या हाताने डोळ्याची कड पुसली.

लोटूही हसला. सगळे हसले की हसायचं, ही सवय त्याला चार वर्षांची होती. ठेका चुकला नाही.

कार्यक्रम संपला. योगिताने सगळ्यांच्या पाया पडल्यासारखं केलं आणि पुढच्या वर्षी आधीच रिंगण आखून ठेवते म्हणाली. जागा आता शाळेतल्या पोरांनी घेतली, व्हायोलिनवाल्या. बायका तळ्याच्या कठड्यावर ओळीने बसल्या आणि पोंकवडे आले, वर लिंबू-मिऱ्याची शेव.

लोटू जयश्रीजवळ गेला. काय म्हणाली तुझी माय, असं त्याने विचारलं. जयश्री तोंड नीट दाखवून, सावकाश म्हणाली की मायलाच विचारा, नाना. त्याने फोनवरचं चित्रण मागितलं. तिने दिलं. त्याने फोन डाव्या कानाला लावला, मग उजव्या. गुंजन आल्यासारखं वाटलं. पडद्यावर पाहिलं तर नेमक्या त्या वेळी कुणाची तरी टाळी वाजवणारी कोपरं मधे आली होती. तो इंदुबाईकडे गेला. तिला पुन्हा हसूच फुटलं, वडा हातातून पडता पडता राहिला.

शेवटी सुंदरासमोर उभा राहिला. “काय म्हनी तू?”

इतकी वर्षं ती त्याच्याशी बोलताना तोंड वर करून, ओठ स्पष्ट हलवून बोलत आली होती. कधी तसं ठरवलं नव्हतं, पण तिची तशी सवयच झाली होती. आज तिने वड्याचा घास घेतला, मान वळवली आणि तळ्याकडे तोंड करून काहीतरी म्हणाली. लोटूला तिचा कान दिसला आणि कानातली कुडी हलताना दिसली. मग ती पुन्हा त्याच्याकडे वळली आणि नेहमीसारखी ओठ मोकळे करून म्हणाली, “दोनदाव म्हनी टाकं. आते आयकनारनी सोय कराले पाहिजे.”

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वडा आवडल्याचं समाधान होतं.

लोटू तिथून हलला आणि निंबाजवळ जाऊन सतरंजीच्या कडेला बसला. व्हायोलिनची पोरं गज चालवत होती; सगळे गज एकदम वर, एकदम खाली. त्याला काही ऐकू येत नव्हतं. निंबा डोळे मिटून ऐकत होता.

लोटूने त्याला ढोसलं. तू ऐकलंस का, त्याने विचारलं. सुंदराची ओळ.

निंबाने दोन्ही भुवया उडवल्या. “आख्खी आयकी. वाह.”

डब्यातून?

निंबा क्षणभर गोंधळला. मग त्याला आठवलं आणि तो हसला. डबा पहिला महिनाभर होता, त्याने सांगितलं. मग कानालाच सवय होते. आता तो पहाटे चिमण्यांनी उठतो आणि बायकोला वाटतं की मुद्दाम उठतो. एवढं सांगून तो पुन्हा पोरांकडे पाहायला लागला, आणि मग लोटूकडे वळून, जसं काही विशेष नाही, तसं म्हणाला, “वहिनीना आवाज मातर आते भरड व्हयना रे. पहिले बारीक व्हता. आते जाडा शे. पन गोड शे.”

लोटूने ते त्याच्या ओठांवर दोनदा वाचलं. निंबाने दोनदा म्हटलं नव्हतं. लोटूनेच मनात परत फिरवून पाहिलं.

भरड. कधीपासून?

त्याने कठड्याकडे पाहिलं. सुंदरा मंदाला काहीतरी सांगत होती, हात हलवत, मधेच थांबून शेव वेचत. तिचे केस कानाशी पांढरे झाले होते हे त्याने पाहिलं होतं. चालताना ती उजव्या गुडघ्यावर भार देत नाही हे पाहिलं होतं. डोळ्यांनी तो तिच्याबरोबर इथवर आला होता. आणि आवाज मात्र त्याने त्या हळदीच्या मांडवातच ठेवून दिला होता, जपून, आणि इतकी वर्षं ही बाई एक वेगळा, जाडा, गोड आवाज घेऊन त्याच्या घरात वावरत होती. तो निंबाला माहीत होता. पोंकवडेवाल्यालाही आता माहीत होता.

ओठ पुन्हा हलले. त्याने सवयीने आतून अमळनेरचा आवाज लावून पाहिला. तो लागला, पण तिच्या तोंडाशी जुळेना.

लोटू उठला. ढोलकी खांद्याला अडकवली आणि कठड्याकडे निघाला. व्हायोलिनचं वाजवणं नुकतंच थांबलं होतं. पोरं पानं उलटत होती, लोक शांत होते. हे त्याला कळलं नाही. आपला आवाज किती मोठा आहे, हेही त्याला बरीच वर्षं कळत नव्हतं. म्हणून तो जयश्रीसमोर, सुंदराच्या अगदी शेजारी उभा राहून जे बोलला ते चौथऱ्यावरच्या पोरांनी ऐकलं, योगिताने ऐकलं, निंबाने तर ऐकलंच, आणि फाटकाशी वडे तळणाऱ्यानेही झारा थांबवून पाहिलं.

“जयसरी,” लोटू म्हणाला, “उद्या सोमवारले त्या डॉक्टरकडे नंबर लाव. दोन्ही कानले मशीन लावसू मी.”